हिवाळ्यातली सकाळ आणि तुमची सायकल



जानेवारी महिना आहे. पावणेसात वाजायला आले आहेत. शाळा सात वाजता भरते आणि तुमच्या वस्तीपासून हायस्कूल ५ किलोमीटरवर आहे. आई म्हणते, स्वेटर घाल. आजोबा आपली कानटोपी पुढे करतात. तुम्ही घाईघाईने दप्तर कॅरिअरला अडकवता आणि सायकलवर टांग टाकता. दोनच मिनिटांत बोटे गारठतात, डोळ्यांतून पाणी येते, नाक वाहू लागते. आणि गंमत अशी, की शाळेत पोहोचता तेव्हा स्वेटरखालचा सदरा मात्र घामाने ओला झालेला असतो!

एकाच फेरीत थंडीही आणि घामही, हे कसे? त्यातच रस्त्यावर धुके असते, उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असतात, ब्रेक नेहमीसारखा लागत नाही. हिवाळ्यातली सायकलफेरी सुखाची आणि सुरक्षित व्हावी म्हणून काय करावे, हे आपण आज पाहू. त्यासाठी तुमच्या पाठ्यपुस्तकातले विज्ञानच पुरेसे आहे.

नेमकी तीच वेळ का?

दिवसभरातली सर्वांत जास्त थंडी केव्हा असते? पुष्कळांना वाटते, मध्यरात्री. पण तसे नाही. सूर्य मावळल्यावर जमीन आपली उष्णता प्रारणाने आकाशात सोडू लागते आणि हे काम रात्रभर चालूच राहते. सूर्य वर येऊन जमिनीला पुरेशी उष्णता देऊ लागेपर्यंत तापमान उतरत जाते. म्हणून सूर्योदयाच्या सुमारासच पारा सर्वांत खाली असतो.

दुसरी गोष्ट. वर्षातला सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला असतो, हे तुम्ही शिकला आहात. पण सर्वांत उशिराचा सूर्योदय त्या दिवशी नसतो. आपल्याकडे तो जानेवारीच्या मध्याच्या सुमारास येतो. पुणे, नाशिक, सांगली या भागांत तेव्हा सूर्य सात वाजून गेल्यावरच उगवतो. म्हणजे सातच्या शाळेला निघालेला मुलगा किंवा मुलगी दिवसातल्या सर्वांत थंड आणि अंधुक वेळीच रस्त्यावर असते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड भागात तर अशा पहाटे पारा कित्येकदा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली जातो.

आपला वारा आपणच करतो

समजा, बाहेर ८ अंश तापमान आहे आणि झाडाचे पानही हलत नाही. अंगणात उभे असताना थंडी सोसवते. सायकल चालू होताच ती बोचू लागते. तापमान तर तेच आहे, मग फरक कशाचा?

आपले शरीर भोवतालच्या हवेचा एक पातळ थर तापवून ठेवते. हवा उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. त्यामुळे हा थर एखाद्या अदृश्य पांघरुणासारखे काम करतो. वारा सुटला की हे पांघरूण उडून जाते, त्याच्या जागी नवी थंड हवा येते आणि तीही तापवावी लागते. तुम्ही ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल चालवता तेव्हा, वारा पडलेला असला तरी, तुमच्या तोंडावर ताशी १५ किलोमीटरचा वारा येतोच. सायकलस्वार आपला वारा आपणच तयार करतो.

वाऱ्यामुळे थंडी किती वाढते, हे मोजण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयत्न पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकन संशोधकांनी अंटार्क्टिकावर केला. प्लॅस्टिकच्या एका लहान नळकांड्यात पाणी भरून ते निरनिराळ्या वाऱ्यांत किती वेळात गोठते, हे त्यांनी नोंदवले. त्यांचे निष्कर्ष १९४५ साली प्रसिद्ध झाले. पुढे २००१ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी सुधारित सूत्र स्वीकारले. त्या सूत्राने हिशेब केला, तर ८ अंशांच्या शांत सकाळी सायकलवरच्या मुलाच्या उघड्या चेहऱ्याला साधारण ५ अंशांची थंडी जाणवते.

येथे एक गैरसमज टाळा. वाऱ्याने सायकलचे हँडल ८ अंशांहून थंड होत नाही. थर्मामीटर पंख्यापुढे धरला तरी पारा उतरत नाही, कारण त्याला स्वतःची ऊब नसते. वारा फक्त उबदार वस्तूची उष्णता लवकर पळवतो.

मग कपडे कसे घालावेत? वारा समोरून येतो, तेव्हा अडवायचा तोही समोरूनच. लोकरीचा स्वेटर ऊब धरतो, पण त्याच्या विणीतून वारा आरपार जातो. स्वेटरच्या वर पातळ, घट्ट विणीचे जाकीट घातले तर दोघांचे मिळून काम चांगले होते. जाकीट नसेल तर निराश होऊ नका. कालचे वर्तमानपत्र घडी करून सदरा आणि स्वेटर यांच्या मध्ये छातीवर ठेवा. यात हसण्यासारखे काही नाही. फ्रान्समधल्या प्रसिद्ध सायकलशर्यतीत डोंगराचा चढ संपवून उतारावर सुटण्यापूर्वी कसलेले सायकलपटूही सदऱ्यात वर्तमानपत्र कोंबत असत.

घाम हा छुपा चोर

आता घामाकडे वळू. सायकल चालवताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातला साधारण चौथा हिस्साच पायडल फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे सायकलस्वार ही एक चालती शेगडीच! घरातून निघताना शेगडी पेटलेली नसते, म्हणून आपण भरपूर कपडे चढवतो. दहा मिनिटांनी ती धगधगू लागते आणि घाम येतो.

कोरड्या कपड्यात धाग्यांच्या मध्ये हवा अडकलेली असते. कपडा भिजला की तिची जागा पाणी घेते आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट उष्णता वाहून नेते. शिवाय घामाचे बाष्पीभवन होताना तोही शरीराचीच उष्णता घेतो. म्हणून घामेजलेला मुलगा शाळेत बाकावर बसला की पंधरा मिनिटांत कुडकुडू लागतो.

यावर एक सोपा नियम आहे. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. घराच्या दारातच अगदी ऊबदार वाटत असेल, तर तुम्ही एक कपडा जास्त घातला आहे. एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे घाला. त्यांच्या थरांमध्ये हवा अडकते आणि गरम होऊ लागले की वरचा कपडा काढून दप्तरात ठेवता येतो.

बोटे, कान आणि डोळे

निघण्यापूर्वी एक हात हँडलच्या रबरी मुठीवर आणि दुसरा उघड्या लोखंडी दांड्यावर ठेवून पाहा. लोखंड कितीतरी थंड वाटेल. वास्तविक रात्रभर एकाच अंगणात राहिल्यामुळे दोघांचे तापमान सारखेच असते. पण लोखंड रबरापेक्षा शेकडो पटींनी चांगला वाहक आहे. ते बोटांची उष्णता झपाट्याने ओढून घेते. ब्रेकचा दांडाही लोखंडाचाच असतो!

त्यात आणखी एक भर पडते. थंडी वाजू लागली की शरीर हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, कारण हृदय, फुप्फुसे, मेंदू यांची ऊब आधी राखायची असते. याची किंमत बोटे मोजतात. ती बधिर होतात आणि ब्रेक दाबायला उशीर लागतो. म्हणून हातमोजे ही चैन नव्हे, तो ब्रेकचाच एक भाग समजा. हातमोजे नसतील तर पायमोज्यांची जुनी जोडी हातांत चढवा. मात्र ब्रेक नीट पकडता येतो ना, हे अंगणातच तपासून घ्या.

कानटोपी घाला, पण ती कपाळावरून डोळ्यांच्या कडेला येता कामा नये. बाजूने येणारे वाहन आपल्याला डोळ्यांच्या कोपऱ्यातूनच आधी दिसते. कान फार गच्च बांधले तर मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज कळत नाही. चष्मा असेल तर मफलर नाकाच्या खाली ठेवा. नाहीतर श्वासातली वाफ काचांवर जमते आणि समोरचे दिसेनासे होते.

आणि हे तर मुळीच विसरू नका : मफलरची, शालीची किंवा ओढणीची टोके मोकळी सोडू नका. ती चाकाच्या तारांत किंवा चेनमध्ये गेली तर गळ्याला फास बसतो. टोके स्वेटरच्या आत खोवा किंवा पाठीमागे घट्ट गाठ मारा.

सायकल जड का लागते?

हिवाळ्यात सायकल जड चालते, अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल. ती खरी आहे. उन्हाळ्यातल्या ३२ अंशांच्या हवेपेक्षा ८ अंशांची हवा सुमारे ८ टक्क्यांनी अधिक दाट असते. तेवढा तिचा विरोध वाढतो. चाकांच्या आसांतले ग्रीसही थंडीने घट्ट होते. आणि तिसरे कारण आहे टायरमधली हवा.

३२ अंश तापमान असताना तुम्ही टायरमध्ये ४० पौंड हवा भरली, असे धरा. हा आकडा बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वरचा असतो. बाहेरचा दाब सुमारे १४.७ पौंड, म्हणजे आतला एकूण दाब ५४.७ पौंड झाला. ३२ अंश सेल्सिअस म्हणजे ३०५ केल्विन आणि ८ अंश म्हणजे २८१ केल्विन. आकारमान जवळपास तेच राहिल्यास दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. ५४.७ ला २८१ ने गुणून ३०५ ने भागा. उत्तर येते सुमारे ५०.४. त्यातून १४.७ वजा केले की उरतात ३५.७ पौंड. एकाही खिळ्याशिवाय ४ पौंडांहून अधिक हवा कमी झाली! म्हणून थंडी पडू लागली की पंप मारून टायर पुन्हा नीट भरून घ्या.

ओढ्याजवळचे धुके

सकाळी सायकलवरून ओढ्याच्या उतारावर आलात की एकाएकी गारवा वाढतो, हे तुम्ही अनुभवले असेल. थंड हवा जड असते. ती रात्रभर पाण्यासारखी उतरत जाऊन सखल जागी साचते. तेथे ओलावाही असतो. हवा दवबिंदूच्या खाली थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात आणि धुके दिसते. म्हणून माळावर रस्ता स्वच्छ असला, तरी ओढ्यावरच्या मोरीजवळ दहा-पंधरा मीटरपलीकडचे काही दिसत नाही. उतार आहे म्हणून वेग वाढलेला असतो आणि नेमके तेथेच दिसणे कमी झालेले असते.

आता हिवाळा हा आपल्याकडे उसाच्या गाळपाचा हंगाम. सांगली, सातारा, कोल्हापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत पहाटेपासून ट्रॅक्टर आणि बैलगाड्या साखर कारखान्याकडे निघतात. एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. मागे लोंबणाऱ्या उसाने ट्रॉलीचा दिवा झाकला जातो. बैलगाडीला तर बहुधा दिवाच नसतो. अशा धुक्यात समोर १५ मीटरवर उभी ट्रॉली एकाएकी दिसली, तर काय होईल? याचा हिशेब आपण करू.

थांबायला किती अंतर लागते?

अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो, असे धरा. कोरड्या रिमवर चांगला ब्रेक लागला तर वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो, असेही धरा. पण पहाटे रिमवर दव साचलेले असते. ओल्या लोखंडी रिमवर ब्रेकचे रबरी गुटके घसरतात आणि घर्षण फार कमी होते. तेव्हा ओल्या रिमसाठी ३ ऐवजी १ धरू.

ताशी १५ किलोमीटर वेगात सायकल पहिल्या सेकंदात ४.२ मीटर जाते. रिम कोरडी असेल तर पुढे २.९ मीटर, म्हणजे एकूण सुमारे ७ मीटर लागतात. रिम ओली असेल तर पुढे ८.७ मीटर, म्हणजे एकूण सुमारे १३ मीटर. १५ मीटरवरची ट्रॉली थोडक्यात चुकते.

ताशी २० किलोमीटर वेगात पहिल्या सेकंदातच ५.६ मीटर जातात. कोरड्या रिमवर एकूण सुमारे ११ मीटर लागतात. पण ओल्या रिमवर सुमारे २१ मीटर! म्हणजे ट्रॉली १५ मीटरवर, आणि सायकल थांबणार २१ मीटरवर. बोटे बधिर होऊन आणखी अर्धा सेकंद उशीर झाला, तर अंतर २४ मीटरांच्या आसपास जाते. तेवढाच उशीर १५ च्या वेगात झाला तर सायकल ट्रॉलीला टेकता टेकता थांबते.

हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या सायकलचे आकडे वेगळे येतील. पण त्यांतला नियम बदलणार नाही : ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. यावरून धुक्यातला पहिला नियम निघतो. जेवढे दिसते, तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवा.

निघण्यापूर्वी दोन्ही रिमा फडक्याने पुसा. वाटेत अधूनमधून दोन्ही ब्रेक हलके दाबून गुटक्यांनीच रिमेवरचे पाणी निपटून काढा. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचा ओला चिखल आणि उसाचे पाचट पडलेले असते. त्यावर वळण घेताना सायकल तिरकी करू नका आणि पुढचा ब्रेक जोराने दाबू नका. तसेच दोन ट्रॉल्यांच्या डाव्या बाजूने कधीही घुसू नका. मागची ट्रॉली झोल खाते आणि ट्रॅक्टरवाल्याला तुम्ही दिसत नाही.

दिसणे आणि दिसवणे

तुम्हाला ट्रॉली दिसली पाहिजे, तसेच ट्रकवाल्यालाही तुम्ही दिसला पाहिजेत. शाळेचा स्वेटर बहुधा गडद रंगाचा असतो. अंधुक प्रकाशात तो रस्त्यात मिसळून जातो. त्यावर पांढरा मफलर किंवा फिकट कपडा असावा.

मागच्या मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर हे साधे पण फार हुशार साधन आहे. त्याच्या आत परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन-तीन पृष्ठांचे असंख्य लहान कोपरे असतात. अशा कोपऱ्यात शिरलेला प्रकाशकिरण तीनदा परावर्तित होऊन जिकडून आला तिकडेच परत जातो. साधा आरसा असे करत नाही. याच तत्त्वावरचे परावर्तक १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवले. २०२३ साली चंद्रावर उतरलेल्या आपल्या चांद्रयान ३ च्या विक्रम लँडरवरही असा एक लहान परावर्तक संच आहे. चंद्रावरून जो प्रकाश परत आणतो, तो तुमच्या मडगार्डवरूनही परत आणील. मात्र त्याच्यावरची धूळ आणि दव पुसलेले हवे. पायडलच्या कडेलाही रिफ्लेक्टर लावा. ते खालीवर हलतात आणि हलणारी वस्तू चटकन नजरेत भरते.

पण रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. समोरच्या वाहनाला दिवा नसेल तर तो निरुपयोगी ठरतो. म्हणून पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. डायनामो असेल तर तो ओल्या टायरवर घसरतो आणि सायकल थांबली की दिवा विझतो, हे ध्यानात ठेवा. सेलवर चालणारा लहान दिवा थांबल्यावरही जळत राहतो.

उत्तरेकडचे एक गाव

आपली थंडी ती काय! फिनलंडमधले ऊलू हे शहर उत्तर ध्रुववृत्ताच्या थोडेसे खाली आहे. तेथे हिवाळ्यात तापमान शून्याच्या पुष्कळ खाली जाते आणि रस्त्यांवर बर्फ असते. तरीही तेथील मुले सायकलने शाळेत जातात. २०१३ साली हिवाळी सायकलिंगवरची एक आंतरराष्ट्रीय परिषदही याच शहरात भरली होती. तेथील मुले काही लोखंडाची नव्हेत. सायकलींसाठी वेगळे रस्ते आहेत, त्यांच्यावरचे बर्फ वेळेवर काढले जाते, त्यांवर दिवे आहेत. सुरक्षितता एकट्या सायकलस्वाराच्या हाती नसते, रस्ता करणाऱ्यांच्याही हाती असते. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसेल तर ती चूक सायकलवरच्या मुलाची नव्हे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन एखाद्या रविवारी गावातल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिकटवल्या, तर विज्ञानाचा याहून चांगला तास कोणता?

करून पाहा

सारख्या आकाराच्या तीन बाटल्यांत सारखेच कोमट पाणी भरा. पहिली बाटली कोरड्या फडक्यात गुंडाळून पंख्यापासून दूर ठेवा. दुसरी तशीच गुंडाळून पंख्यापुढे ठेवा. तिसरी ओल्या फडक्यात गुंडाळून पंख्यापुढे ठेवा. दर ५ मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. नंतर दुसऱ्या बाटलीच्या फडक्यावर वर्तमानपत्र गुंडाळून प्रयोग पुन्हा करा. घाम, वारा आणि वर्तमानपत्र यांची सारी गोष्ट त्या आलेखात तुम्हाला दिसेल.

आणि शेवटी एक सोपे गणित. ५ किलोमीटर अंतर ताशी २० किलोमीटर वेगाने गेल्यास १५ मिनिटे लागतात, ताशी १५ किलोमीटर वेगाने गेल्यास २० मिनिटे. फरक फक्त ५ मिनिटांचा. पण तेवढ्याने घाम कमी येतो आणि ओल्या रिमवर थांबायचे अंतर २१ मीटरांवरून १३ वर येते. तेव्हा उद्या सकाळी पावणेसातला नव्हे, सहा चाळीसलाच निघा. त्या ५ मिनिटांसाठी अंथरूण थोडे आधी सोडावे लागेल. ते मात्र थंडीत सर्वांत अवघड काम आहे, हे आम्हालाही मान्य आहे!